सुतकापुरती राई

दादा, देवीची राई अजून उभी आहे. आधी हे सांगते, कारण शुद्ध होती तोवर तू तेवढंच विचारत होतास.

आज नववा दिवस. घराला सुतक आहे, आणि सुतकातल्या घराने काळकाईपुढे कौलाला उभं राहायचं नसतं. आपल्या घरचं माणूस उभं राहिल्याशिवाय कौल लागत नाही, आणि कौल लागल्याशिवाय राईतली काटकीसुद्धा कुणी मोडत नाही. म्हणजे तू गेलास म्हणून राई उभी आहे. तुझ्यामागे घरात पुरुष माणूस एकच, धाकटा भाऊ विसू गेल्यावर आपण वाढवलेला त्याचा मुलगा माधव. तेरावं झालं की तो मोकळा होईल. मग कौल, मग कुऱ्हाडी.

त्या कौलाला तू किती सबबी सांगितल्यास! एवढी मोठी काढशील असं मात्र वाटलं नव्हतं.

मला तू ओळखतोस. माणूस गेल्यावर घरात काय काय लागेल ते माझ्या डोक्यात आपसूक रांगेत उभं राहतं. तीळ, दर्भ, पत्रावळी. भटजींना निरोप. तुझा काढा चालू होता त्या माणसांना दुसऱ्या वैद्यांची नावं कळवणं. कोठीतल्या ओल्या मुळ्या नासायच्या आत पसरून टाकणं. सगळं वेळच्या वेळी झालं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "गोदेला रडायलाही सवड नाही." खरं आहे. फक्त राई त्या रांगेत उभी राहत नाही. तिच्यापुढे काय करायचं ते लिहायला घेतलं की हात थांबतो. म्हणून तुलाच लिहायला बसले.

रडण्यापासून मला पहिल्यांदा सोडवलंस तेही तूच. नवरा गेला आणि सासर संपवून मी परत आले तेव्हा घरातले सगळे मला बघून आवाज खाली करत. तू मात्र आल्या आल्या कोठीची किल्ली माझ्यापुढे टाकलीस. म्हणालास, "गोदे, आत उंदीर झालेत, आणि शतावरी कुठली नि मुसळी कुठली ते मलाच कळेनासं झालंय. बघ जरा." उंदीर नव्हते. शतावरी आणि मुसळीचा घोटाळा खरा होता, पण तो तू मुद्दाम केला होतास, हे मला पोत्यांची तोंडं सोडताना कळलं. दोन्ही मुळं हाताने एकत्र कालवताना तुझ्या किती जिवावर आलं असेल! मला अक्षरं शिकवलीस तीही पोत्यांना चिठ्ठ्या लावता याव्यात म्हणून. त्या चिठ्ठ्यांवर माझं पुढचं आयुष्य उभं राहिलं. याबद्दल मी तुला कधी काही म्हटलं नाही, तूही कधी वाट पाहिली नाहीस. आपल्या घरात कौतुक करायची पद्धत म्हणजे पुढचं काम सांगणं.

तू महिन्यातून एकदा तरी खोऱ्यात जायचास. शनिवार पेठेतून निघून पर्वतीच्या पायथ्यावरून आंबील ओढ्याच्या काठाकाठाने कात्रजच्या तळ्यापर्यंत, आणि तळ्याच्या वर डोंगराच्या कुशीत काळकाईची वाडी. बाकीचे वैद्य माणसं पाठवून मुळ्या मागवत. तू स्वतः जायचास, आणि जे झाड खणायचं त्याला आदल्या संध्याकाळी अक्षत द्यायचास: उद्या तुला न्यायला येतो, रागावू नको. मी म्हणायची, "गुळवेलीला आमंत्रण, आणि आपण घरी कधी परतणार ते बहिणीला सांगायची पद्धत नाही."

तू म्हणायचास, "गुळवेल उलट बोलत नाही."

परत आलास की गाठोडी सोडायच्या आधी बातम्या सांगायचास. लोक सरकारवाड्यातल्या बातम्या आणत, तू खोऱ्यातल्या आणायचास. यंदा पांगारा लवकर फुलला. झऱ्यावर भेकरांची जोडी पाण्याला येते. राईतल्या मोठ्या बेहड्याच्या ढोलीत धनेशाने मादीला लिंपून बंद केलंय, बोटभर फटीतून तिला उंबरं भरवतो. मी गाठोडी उचलता उचलता हुं हुं करायची. खरं तर त्या धनेशाचं पुढे काय झालं ते मला ऐकायचं असायचं. पण विचारलं असतं तर तुझं ताट निवलं असतं, म्हणून नाही विचारलं.

हळूहळू बातम्या बदलल्या. कधीपासून ते सांगता येणार नाही. मी गाठोड्यांची नोंद ठेवायची, बातम्यांची नव्हे. आधी तळ्याच्या खालच्या अंगाचे धावडे गेले, कोळशाला बरे पडतात म्हणून. मग ऐन गेले, तुळयांना. मग मोकळ्या उतारावर गवत माजलं, ते लोक उन्हाळ्यात जाळायला लागले, आणि जळल्या जागी जे कोंब येत ते शेळ्या ओरबाडत. एका पावसाळ्यात तू आलास आणि दारातच धोतर झटकून दाखवलंस. गुडघ्यापर्यंत तांबूस चिखल.

म्हणालास, "हा ओढ्याचा गाळ नव्हे. हा डोंगर आहे. डोंगर खाली यायला निघालाय."

मी म्हटलं, "पायऱ्यांवर झटकू नकोस."

त्याच पावसाळ्यात पेठेतल्या हौदाचं पाणी गढूळ झालं. कात्रजच्या तळ्यातून नळाने येणारं पाणी ते. आधी तांब्या भरला की त्याच्या तळावरचे हातोडीचे ठोके दिसायचे. आता हंड्याला आतून निवळीची बी घासून रात्रभर ठेवावं लागतं, तरी सकाळी तळाला मऊ थर असतोच. सगळ्या पेठेत निवळीच्या बिया पुरेनाशा झाल्या. तळाशी उरलेलं ते तू मला कधी मोरीत ओतू दिलं नाहीस. तुळशीत ओतायला लावायचास. "लांबून आलंय," म्हणायचास.

आपलं माडीचं भांडण तसंच राहिलं. कोठीच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, औषधांना बुरशी धरते, म्हणून वर माडी बांधून कोठी तिथे न्यावी, हे मी किती वर्षं म्हणत होते. तू दर वेळी चुन्यावर यायचास.

"चुना कसा होतो ठाऊक आहे तुला?"

"चुनखडी भाजून. मला काय शिकवतोस?"

"भाजायला काय लागतं?"

"दादा, सगळ्या पुण्याला माड्या झाल्या. आपल्या एका कोठीने तुझा डोंगर बोडका होणार आहे का?"

"प्रत्येक घर हेच म्हणतं."

"मग प्रत्येक घराने ओलीत बसावं? तुझ्या डोंगराला छप्पर लागत नाही, माझ्या औषधांना लागतं."

"डोंगर गेला की औषधंच येणार नाहीत. मग तुझी कोठी कायमची कोरडी."

"बरं. मग त्या कोरड्या कोठीत आपण दोघं बसू."

तू हसलास आणि हात धुवायला उठलास. माझं चुकत होतं असं मला आजही वाटत नाही. ओल खरी आहे. गेल्या पावसाळ्यात अनंतमुळाची पोतीच्या पोती फेकावी लागली, ती खणून आणायला तूच गेला होतास. तुझंही चुकत नव्हतं. घरातली बाकीची भांडणं आपण मिटवली ती तू थोडं सोड, मी थोडं सोडते, अशी. या भांडणात तेही जमेना, कारण थोडं थोडं म्हणतच तर सगळं चाललं होतं.

राईत मात्र कुणी हात घालत नव्हतं. ती काळकाईची. देवीच्या पायाशी झरा फुटतो, तो ओढ्यात जातो, ओढा तळ्यात, तळ्याचं पाणी नळाने आपल्या हौदात. राईतलं एखादं झाड हवंच असेल तर देवीला विचारायचं. गुरव तिच्या उजव्या आणि डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतो. प्रश्न घालायचा आणि वाट बघायची. उजवी पाकळी आधी गळली तर देवी हो म्हणाली, डावी गळली तर नाही. पण समोर तीन मानकरी हवेत: गुरव, पाटील आणि वैद्य. आजोबांनी कसल्याशा साथीत वाडी वाचवली होती, तेव्हापासून तो मान आपल्याकडे, आणि प्रश्न घालायचा मानही आपलाच. तिघांपैकी एक जरी आला नाही तरी गुरव पाकळीला हात लावत नाही.

पूर्वी हा कौल फार क्वचित लागायचा. देवळाचं आढं मोडलं तेव्हा, वाडीत आग लागली तेव्हा. मग पुण्याहून इमारतींची माणसं येऊ लागली. दर वर्षी एखादं झाड मागत, आणि देवी दर वर्षी हो म्हणे. तुझ्या डोक्यात आलं की चूक प्रश्नाची आहे. सगळे विचारतात, हे झाड नेऊ का? हे झाड राखू का, असं कुणी कधी विचारलंच नाही. म्हणून तू त्या धनेशाच्या बेहड्यासाठी, माणसं यायच्या आदल्या दिवशीच, तसा प्रश्न घातलास. उजवी पाकळी गळली. तू गुरवाला मिठी मारलीस म्हणे. दुसऱ्या दिवशी माणसं आली. त्यांच्या वतीने तुलाच विचारावं लागलं, हा बेहडा नेऊ का? पुन्हा उजवी.

गुरव म्हणाला, "बुवा, आई कुनालाच न्हाई म्हनत न्हाई. लई भिडस्त हाय."

हे तू मला सांगितलंस तेव्हा आपण दोघं पोट धरून हसलो. मग तू ताटावरून तसाच उठलास. बेहडा पडला तेव्हा ती मादी ढोलीतच होती का, हे मी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस. आपण एकमेकांना खूप टाकून बोललो, दादा, पण दोघांनी मिळून टाळलं ते हे एवढंच.

त्यानंतर तू कौलाला जाणंच बंद केलंस. सबबी सांगू लागलास, आणि काय वाईट सांगायचास! पायाला कुरूप झालंय. ग्रहण जवळ आलंय. एका मातब्बराची नाडी बघायला सासवडला जायचंय. मग खरंच सासवडला जाऊन धर्मशाळेत बसून राहायचास, कारण तोंडाने खोटं बोललं तरी पायांनी बोलायचं नाही हा तुझा नेम. मी शिदोरी बांधून द्यायची. सबब सांगणाऱ्याला भूक जास्त लागत असेल म्हणून दोन दशम्या जास्त.

वाडीला सगळं कळत होतं. तरी गुरव थांबायचा, पाटील थांबायचा. "बुवा आले की बघू." पुण्याची माणसं हात हलवत परत जायची. तुझ्यावर वाडीतलं कुणी चिडलं नाही. मला वाटतं, त्यांनाही ते थोडं हवंच होतं. स्वतः नाही म्हणायची ताकद नव्हती, तुझ्या कुरुपामागे उभं राहणं जमत होतं.

या वर्षी मात्र एका झाडावर भागणारं नव्हतं. नदीकाठी एका सरदाराचा नवा वाडा चाललाय, त्याच्या चुन्याच्या भट्ट्यांना खालचा डोंगर पुरला नाही. सगळी राईच मागितली. माधव त्याच इमारतीवर कारकून, म्हणून निरोप आपल्याच घरी, आपल्याच माणसाच्या तोंडून आला. खाली मान घालून म्हणाला, "काका, त्यांनी सांगितलंय, वैद्यबुवांच्या पायाला त्रास असेल तर पालखी पाठवू."

पालखीला काय सबब सांगावी याचा तू विचारच करत होतास, तेवढ्यात तुला ताप भरला.

आता हे मी कुणाला सांगू? माधवने वाडीला कळवलं की काकांना बरं नाही. गुरवाने उलट निरोप धाडला, "बुवास्नी म्हनावं, ह्या खेपेचं सोंग झ्याक हाय." पाटलाने मधाचं गाडगं पाठवलं आणि सोबत सांगून पाठवलं की उठायची घाई करू नये, चांगला महिनाभर ताप येऊ द्यावा. छातीत कफ दाटून तू श्वासाशी झगडत होतास, आणि तिकडे सगळं खोरं तुझ्या हुशारीवर खूश होतं. तुझ्याच सबबींनी तुझा खरा आजार खोटा पाडला.

तुलाही मी ते सांगितलं. तू हसायला गेलास आणि खोकल्याची उबळ आली. ती थांबल्यावर म्हणालास, "राई?"

"उभी आहे."

"मग बरं चाललंय."

मला तुझा इतका राग आला! म्हटलं, "बरं काय चाललंय? काढा पोटात राहत नाही तुझ्या." तू डोळे मिटून घेतलेस. आपलं शेवटचं बोलणं ते. मी काढ्याबद्दल बोलले. वाईट वाटत नाही मला त्याचं. काढा महत्त्वाचा होता.

परवा मी खोऱ्यात जाऊन आले. लग्न झालेल्या बहिणीला सुतक तीन रात्रींचं, घराचं दहा दिवसांचं आणि देवाधर्माला तेराव्यापर्यंत अडकलेलं. वाडीतल्या तुझ्या मुळ्या वाळवायच्या झोपडीतलं सामान कुणी तरी आवरायला हवं होतं, माधवला घर सोडता येत नव्हतं. शेजारच्या काकूंना सोबत घेतलं. खालच्या डोंगरात आधीच तोडून ठेवलेली लाकडं आणायला गाडी रिकामीच चालली होती, तिच्यातून गेलो. दुसरी मिळाली नाही.

त्या खोऱ्यातल्या साली आणि मुळं मी इतकी वर्षं निवडली, आणि खोरं पाहिलं होतं एकदाच, लहानपणी. तेव्हा पर्वतीच्या पुढे गाडीवानाला फांद्या हाताने बाजूला साराव्या लागल्या होत्या एवढं आठवतं. आता नजर सरळ तळ्यापर्यंत जाते. दोन्ही अंगांना खुंट, आणि खुंटांमधून शेळ्या. शिमग्याला अजून अवकाश आहे, तरी ओढ्याचं पाणी तुटून डबकी झालीत. काकू म्हणाल्या, "किती मोकळं मोकळं झालंय नाही? पूर्वी भीती वाटायची गं इथून जाताना." त्या अगदी चांगल्या मनाने बोलल्या.

राई एकदम सुरू होते. उन्हातून सावलीत आल्यासारखं वाटलं नाही, दुसऱ्याच ऋतूत पाऊल पडल्यासारखं वाटलं. मी आत गेले नाही. माझं फिटलं असलं तरी सुतकाच्या घरातून आले होते. कडेच्या दगडापाशी उभी राहिले. आतून झऱ्याचा आवाज येत होता. वरून कसलीशी फळं टपकत होती. एक पक्षी भांड्यावर हातोडी मारावी तसा एकच ठोका पुन्हा पुन्हा देत होता. तुझ्याकडून ऐकलेला तांबट तो हाच असणार.

सवयीने मी मनात नोंद करायला लागले. उंबर. जांभूळ. तो कुसुंब असावा. आणि तिथेच अडले. ज्यांच्या साली माझ्या हाताखालून जातात, ज्यांच्या चिठ्ठ्या माझ्या अक्षरात आहेत, ती झाडं समोर उभी होती आणि कुठलं कोणतं ते मला सांगता येईना. मला सगळी झाडं वाळलेली ओळखता येतात, दादा. हिरवी ओळखायची राहिली.

राईच्या तोंडाशी लाकूडतोडे बसले होते. वाडीचीच माणसं. कुऱ्हाडी फडक्यात गुंडाळून ओळीने ठेवल्या होत्या. मला बघून सगळे उठले. त्यांच्या म्होरक्याने, सटवाने, खांद्यावरची घोंगडी काढून दगडावर अंथरली. त्याच्या बायकोचं बाळंतपण अडलं होतं तेव्हा तू इथे राहिला होतास, तोच सटवा.

"बसा आक्का."

"कधीपासून बसून आहात असे?"

"बुवा गेल्यालं कळलं तवापास्नं. त्या दिशी वाडीत चूल न्हाई पेटली. आमीबी सुतक पाळतोय की. बुवा आमचंच व्हतं."

"आणि सुतक फिटल्यावर?"

तो एका कुऱ्हाडीचं सुटलेलं फडकं गुंडाळू लागला. मग म्हणाला, "आक्का, राईला हात लावायचा म्हंजी बुवाच्या अंगाला लावल्यावानी वाटतंय. पर खालचा डोंगर संपला. हितं न्हाई तोडलं तर प्वॉरं खात्याल काय? आन् आमी न्हाई म्हनलं तर दुसरी टोळी येनार. ती काय सुतक पाळनार हाय?"

मी म्हटलं, "नाही पाळणार."

"आमी निदान आईचं नाव घिऊन तरी तोडू."

एवढं बोलून तो खाली बसला, दगडावर पाणी शिंपडलं आणि कोयत्याला धार लावू लागला. मधूनच हाताच्या मागच्या बाजूने डोळे पुसत होता, पुसून झाले की पुन्हा धार लावत होता. मी रागवायच्या तयारीने गेले होते, दादा. काय बोलायचं ते वाटेत ठरवूनही ठेवलं होतं. रागवावं असं माणूसच तिथे सापडलं नाही.

तुझ्या झोपडीत फार काही नव्हतं. एक पहार, दोन सुपं, अक्षतांची डबी. डबी भरलेली होती. परतताना काकू आणि मी लाकडांवर बसून आलो.

मान मी घेऊन उभी राहू का, असंही भटजींना विचारून पाहिलं. बाईमाणूस, त्यातून विधवा. त्यांनी पंचांग मिटून कापडात बांधलं. मग काल माधवशी बोलले. तो वाईट नाही, हे तुला सांगायला नको. तुला अग्नी दिल्यापासून धड जेवलेला नाही.

म्हटलं, "माधवा, तूही एखादी सबब सांग."

"कुठली?"

"कुठलीही. पायाला कुरूप झालंय म्हण."

तो हसला नाही. "आत्या, काका वैद्य होते. त्यांनी सबब सांगितली की लोक थांबायचे. मी कारकून. मी सांगितली तर ते दुसरा कारकून बघतील. आणि आता घर माझ्याच चाकरीवर आहे."

"म्हणून राई देऊन टाकायची?"

"मी देणारा कोण? देवीच्या मनात असेल ते होईल."

"देवी हो म्हणते रे. जो विचारील त्याला हो म्हणते."

"मग तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तसं करतो."

अगदी मनापासून म्हणाला. घरात कुणी काय करायचं ते मीच सांगते, तुला ठाऊक आहे. सांगायची वेळ आली आणि मी भातावरचं झाकण काढून पाहिलं. चाकरी सोड म्हणू? मग त्याची बायको, मुलं? थांबव म्हणू? कशाने? शेवटी म्हटलं, "भात निवतोय. बस जेवायला."

हे लिहिणं तिथेच राहिलं होतं. मधले दिवस कामात गेले.

दहाव्याला नदीवर पिंडाला कावळा लगेच शिवला. सगळे म्हणाले, वैद्यबुवांची काही इच्छा मागे उरली नव्हती, समाधानाने गेले. कावळ्यालाही भूक असते. माधव सांगत होता, कावळा थांबला असता तर राईबद्दल काही तरी कबूल करायचं म्हणून तो हात जोडून तयार होता, पण नेमकं काय कबूल करावं ते त्याला सुचत नव्हतं. तू तेवढीही अडचण केली नाहीस आमची. काल तेराव्याचं गोड जेवणही झालं. पानं वेळेवर उठली, काही कमी पडलं नाही.

आज सकाळी माधव निघाला. कौलाचं साहित्य मीच बांधून दिलं: नारळ, खण, तांदूळ, शेंदूर. घराचा मान आहे, त्यात कमी पडून चालत नाही. तो लवकर पोचावा म्हणून इमारतीकडून उजाडतानाच घोडं आलं होतं. मी दारात जाऊन सांगितलं, "घोडं नको. आमच्या घरचा मानकरी कौलाला अनवाणी पायी जातो. आजोबांपासून तशी चाल आहे."

अशी काही चाल नाही. आजोबा तट्टावरून जायचे आणि तू जाणाऱ्या कुठल्याही गाडीत चढायचास. माधवने माझ्याकडे पाहिलं. मग पायातला जोडा काढून कोनाड्यात ठेवला आणि घोडेवाल्याला म्हणाला, "आत्या म्हणतात ते खरं. विसरलोच होतो मी."

उंबऱ्याबाहेर पडून तो पुन्हा वळला. "आत्या, प्रश्न काय घालू? नेऊ का म्हणून, की राखू का म्हणून?"

मी म्हटलं, "कुठलाही घाल. पण सावकाश घाल."

त्याला जाऊन बराच वेळ झाला. घोडं अजून दारातच बांधलेलं आहे, घोडेवाला ओसरीवर पेंगतोय, मी त्याला पोहे खायला घालून बसवून ठेवलाय. ऊन अंगणात आलं. माधवचे तळवे कोवळे आहेत, कचेरीत बसणाऱ्याचे. खडे टोचत असतील, मधूनमधून थांबत असेल. आत्ता फार तर पर्वतीच्या पायथ्याशी पोचला असेल.